रक्ताचे बेणे

इस्लामपूरच्या भोवताली उसाचे मळे खूप. उसाची लागण करायची तर बेणे चांगले लागते. डोळा मेला तर कोंब फुटत नाही. आपल्या अंगातल्या रक्तालाही असेच बेणे असते. ते कोठे असते, ठाऊक आहे का?

ते असते हाडांच्या पोकळीत. मटणाची नळी फोडली की आत मऊ मगज निघतो. तसा मगज माणसाच्या हाडांतही असतो. त्यात मूळपेशी असतात. रक्तातली तांबडी पेशी जेमतेम चार महिने जगते. मग तिच्या जागी नवी लागते. दर सेकंदाला वीसएक लाख तांबड्या पेशी मगजात तयार होतात! ही सारी मूळपेशींची पैदास. पण मूळपेशी स्वतः फार थोड्या. दहा हजार पेशींत एखादी सापडली तर सापडली.

हे बेणेच बिघडले तर रक्ताचा कर्करोग होतो, नाहीतर रक्त तयार होणेच थांबते. मग दुसऱ्याच्या मूळपेशी रोग्याला देतात. भारतात हा उपचार प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका लहान मुलीवर केला. हे डॉक्टर लहानपणीच्या पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून काम करत.

पण कोणाच्याही पेशी कोणालाही चालत नाहीत. सख्खे भावंडही चारांत एखादेच जुळते. ‘मगज दिला की माणूस कायमचा अधू होतो,’ असे लोक म्हणतात. ते खोटे आहे. दिलेला मगज काही आठवड्यांत भरून येतो.

नाळेच्या रक्तातही मूळपेशी असतात. आपण वार पुरून टाकतो. १९८८ साली पॅरिसमध्ये बहिणीच्या नाळेतले रक्त देऊन एका मुलाला वाचवले. पण हे रक्त निघते वाटीभर. लहान पोराला पुरते, थोराला पुरत नाही. म्हणून ते टिकवायचे आणि वाढवायचेही.

गुरांच्या दवाखान्यात रेतनाची कांडी ज्या डब्यात ठेवतात, तो पाहिला असेल. त्यात पातळ नायट्रोजन असतो, शून्याच्या खाली १९६ अंश गार. मूळपेशीही तशाच ठेवतात. पण गोठताना बर्फाचे कण पेशीला फाडतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी गोठवण्याच्या मिश्रणात ट्रेहॅलोज नावाची साखर घालून पाहिली. ही साखर अळंबीत असते. तिने पेशी जास्त तगल्या. हे काम २००१ साली छापून आले.

ही साखर पेशीच्या आत मात्र आपणहून शिरत नाही. तेथे नॅनो कामी येते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा मापाच्या बारीक कुप्यांत साखर भरून ती पेशीत पोचवतात. अमेरिकेत २०१५ साली चरबीतल्या मूळपेशींवर हे साधले. वाढवण्यासाठी अशाच बारीक धाग्यांची जाळी विणतात. पेशी तिला मगजासारख्या चिकटून वाढतात. सिंगापुरात २००६ साली नाळेतल्या पेशी अशा वाढवल्या. खरी अडचण पुढेच आहे. वाढता वाढता पुष्कळ पेशी आपले मूळपण हरवतात. बेणे सरते आणि हाती नुसते वाढे उरते!

कोणी विचारील, ‘गुरुजी, मग आमच्या पोराला आज याचा काय उपयोग?’ ही नॅनोची कामे अजून प्रयोगशाळेतलीच आहेत. मूळपेशींनी मधुमेह बरा करतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. सरकारच्या २०१७ च्या नियमांत मूळपेशींचा मान्य उपचार मुख्यतः रक्ताच्या रोगांसाठी होता. तसा रोग पोराला झाला, तर डॉक्टर आधी भावंडांच्या पेशी जुळतात का ते पाहतात. त्याला दंडातले थोडेसे रक्त पुरते.