जागा घेताना मातीच्या पोटात काय आहे, तेही विचारा

बागलाणात जमिनीचा सौदा बसताना ‘माती परीक्षण झालंय’ असं हमखास सांगितलं जातं. कुठलं परीक्षण, हे मात्र कुणी विचारत नाही. २०१५ पासून मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका नत्र, स्फुरद, पालाश, सामू असे बारा घटक दाखवते. ती पिकासाठी असते. इंजिनिअरचा अहवाल जमीन किती भार पेलेल ते सांगतो. पूर्वी त्या जमिनीत काय मुरलं, हे दोन्हींत नसतं.

नामपूरला मोसम नदीच्या अंगाला आम्ही घरासाठी जागा घेत होतो. जुने सातबारे काढले, तर पीकपाहणीत बरीच वर्षं डाळिंब. तेल्या रोगानं बाग गेली होती. शेजारच्या आप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “त्या कोपऱ्यात खड्डा होता. फवारणीचे डबे त्यातच जायचे. मागून मुरूम टाकून सपाट केलं.” हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

व्यवहार थांबवून मालकाच्या संमतीनं जेसीबीनं चाचणीचे खड्डे घेतले. इतरत्र वर काळी माती आणि खाली पिवळसर मुरूम लागला. काळ्या मातीची फुगवण तपासायची रीत सोपी आहे: चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात, तेवढीच रॉकेलमध्ये ठेवायची आणि २४ तासांनी दोन्हींची उंची पाहायची. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. फरक मोठा निघाला, म्हणून पाया मुरुमात न्यायचं ठरलं.

कोपऱ्यातल्या खड्ड्यात मात्र भरावाखाली गंजलेले डबे आणि उग्र वास. मशीन तिथंच थांबवलं, मजुरांना बाजूला केलं. असा वास आला तर माती हातात घेऊ नका, नाकाशी नेऊ नका. नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत न भरता काचेच्या स्वच्छ बरणीत, प्रत्येक खोलीचे वेगळे, बर्फात ठेवून प्रयोगशाळेला द्या आणि कीटकनाशकांचे अंश तपासा असं लेखी सांगा. एन्डोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली, पण जुन्या बागांनी ते त्याआधी भरपूर पाहिलंय.

डाळिंब-द्राक्षाच्या जमिनीत तांबंही तपासावं. बोर्डो मिश्रणातला मोरचूद वर्षानुवर्षं मातीत साठतो. पण आपल्या बेसाल्टच्या मातीत तांबं मुळातच जास्त असतं. म्हणून बाग नसलेल्या, तशाच मातीचा एक नमुना तुलनेला हवाच, नाहीतर आकडा वाचून उगाच घाबराल किंवा उगाच निर्धास्त व्हाल.

विहिरीचं पाणी विसरू नका. काळी माती ओली असताना पाणी अडवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि वळवाच्या पहिल्या पावसात वरचं सगळं थेट मुरुमापर्यंत उतरतं. आपल्या विहिरी त्याच मुरुमातलं पाणी पितात. आम्ही शेजारच्या विहिरीचा नमुनाही दिला.

अमेरिकेत नायगारा फॉल्सजवळ लव्ह कॅनॉलला रसायनांनी भरून बुजवलेला खड्डा १९५३ मध्ये शाळेला विकला गेला. भोवती घरं झाली आणि १९७८ मध्ये लोकांना तिथून हलवावं लागलं. आपल्याकडे दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आले ते २०२५ मध्ये. खासगी घराच्या प्लॉटसाठी तपासणीचा आग्रह अजून आपल्यालाच धरावा लागतो, आणि तो विसार देण्याआधी धरलेला बरा.

कोपऱ्यातल्या मातीत कीटकनाशकाचे अंश निघाले. ती उकरून दुसऱ्याच्या बांधावर किंवा मोसमच्या पात्रात टाकणं हा उपाय नव्हे. ताडपत्रीनं झाकून ठेवा, पावसाचं पाणी तिकडे जाऊ देऊ नका आणि विल्हेवाटीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिकच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. तो खर्च कुणाचा, हे साठेखतात आधीच लिहून घ्या.