दुर्बिणीजवळचा स्वयंसेवक

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा जपत आहे. लोणावळ्याच्या दिव्यांपासून दूर, मावळातल्या एखाद्या माळावर तुम्ही दुर्बिणीपाशी स्वयंसेवक म्हणून उभे आहात, अशी कल्पना करा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून स्थिर दुर्बिणीतून शनी पाहता पाहता निसटतो आणि वारंवार शोधावा लागतो. हे हाताचे काम. खरी कसोटी भाषेची. ‘कडे दिसले का?’ असे विचारल्यास रांगेच्या भिडेने माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘काय दिसते, सांगा’ असे विचारल्यास क्वचित ‘गोलाला दोन कान आहेत’ असे प्रामाणिक उत्तर येते. त्याला हसू नका. १६१० मध्ये गॅलिलिओलाही तिथे कडे नव्हे, तीन गोल दिसले होते.