अल्पवयीन जोडीदार, 'लिव्ह-इन' आणि आपली जबाबदारी

पिपरी मेघे व वर्धा परिसरातील कुटुंबांनी याच जिल्ह्यातील एका खटल्यापासून बोध घ्यावा. एका तरुणाने अल्पवयीन मुलीशी संबंध ठेवले. ती गरोदर राहिल्यावर भाड्याच्या खोलीत शेजाऱ्यांसमोर हार घालून तिला पत्नी म्हटले. तिने 2019 मध्ये तक्रार दिली. वर्ध्याच्या सत्र न्यायालयाने 2021 मध्ये ठोठावलेली 10 वर्षांची शिक्षा नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कायम ठेवली. पत्नी 18 वर्षांखालील असल्यास तिच्या संमतीचा बचाव टिकत नाही, असे न्या. गोविंद सानप यांनी स्पष्ट केले.

दोन प्रौढांनी विवाहाविना एकत्र राहणे हा देशाच्या कायद्याने गुन्हा नाही. शरीअतच्या दृष्टीने मात्र ते पाप आहे. जोडीदार अल्पवयीन असेल तर दोन्हींचा निषेध एक होतो. पॉक्सो कायदा, 2012 प्रमाणे 18 वर्षांखालील मुलामुलींची संमती ग्राह्य नाही. विवाहसदृश संबंधासाठी दोघांचे वय विवाहयोग्य असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले आहे.

अशा वेळी काही पालक म्हणतात, "गुपचूप निकाह लावून टाकू." हा मार्ग मुलीचे रक्षण करीत नाही. वैयक्तिक कायद्यानुसार झालेला निकाहही पॉक्सोपासून सूट देत नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला. शिवाय निकाह म्हणजे बदनामी झाकण्याची चादर नव्हे; तो स्वेच्छेचा, साक्षीदारांसमोरचा, महर व जबाबदारीसह केलेला करार आहे. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांची मालमत्ता सोपविताना केवळ वय नव्हे, समजूतही पाहण्याचा आदेश आहे. मालमत्तेसाठी एवढी दक्षता, तर सबंध आयुष्य सोपविताना किती हवी!

म्हणून प्रसंग ओढवल्यास मुलीला घराबाहेर काढू नका, मारू नका, प्रकरण दडपू नका. चाइल्डलाइन 1098 वर कळवा. गुन्हा माहीत झाल्यावर पोलिसांना कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. ते डॉक्टरांनाही लागू आहे. जन्मणारे बाळ तर सर्वस्वी निर्दोष आहे. एकाचे ओझे दुसऱ्याने वाहू नये, ही कुरआनची शिकवण आहे.

सूरह बनी इस्राईलमध्ये व्यभिचाराच्या जवळ जाण्यासही मनाई आहे. त्या जवळिकीची वाट घरातील अबोल्यातून निघते. मुलांशी वेळीच बोलणे हीच पहिली तरबियत होय. अल्लाह आपणा सर्वांस ती सद्बुद्धी देवो. आमीन.