चांगभलंची गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून विकली तर?

प्रश्न : जोतिबाच्या डोंगरावर आमचं गुलाल-खोबरं आणि नारळाचं दुकान आहे. चैत्री यात्रेला आणि माघातल्या खेट्यांना येणारे भाविक गाडीत लावायला देवाची गाणी मागतात. वडील कॅसेट ठेवायचे, पुढे सीडी आल्या. आता मी इंटरनेटवरून गाणी डाउनलोड करून पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डात भरून देतो. गाण्याचे पैसे घेत नाही. पेनड्राइव्हची किंमत आणि भरून देण्याची मजुरी तेवढी घेतो. गावातला एक जण म्हणाला, यात गुन्हा दाखल होतो. गाणी देवाची आहेत, यूट्यूबवर कोणालाही फुकट ऐकता येतात, मग गुन्हा कसला? आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊन ऐकली तर तोही गुन्हा का?
– एक दुकानदार, वाडी रत्नागिरी (जोतिबा), ता. पन्हाळा

उत्तर : गावातल्या माणसाने तुम्हाला खरं तेच सांगितलं आहे. पेनड्राइव्ह भरून विकणं आजपासून बंद करा.

देवावर कोणाची मालकी नाही, पण देवाचं गाणं कोणीतरी लिहिलेलं असतं, कोणीतरी त्याला चाल लावलेली असते, कोणी गायलेलं असतं आणि कोणीतरी पैसे घालून ते ध्वनिमुद्रित केलेलं असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत आणि त्यांची मुदतही वेगवेगळी संपते. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. मोजणी पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून होते.

उदाहरणार्थ, ‘पिंजरा’ चित्रपट आला 1972 साली. त्यातल्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क 2032 अखेर संपेल. पण संगीतकार राम कदम 1997 मध्ये गेले, म्हणून चालींचा हक्क 2057 अखेरपर्यंत आहे. आणि कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर 2011 मध्ये गेले, म्हणून शब्दांचा 2071 अखेरपर्यंत. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 चा, त्याच्या ध्वनिमुद्रणाची मुदत केव्हाच सरली. तरी त्यातलं जे गाणं पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटतं, ते शांताराम आठवले यांनी लिहिलेलं आहे. आठवले 1975 मध्ये गेले, म्हणजे त्या शब्दांवरचा हक्क 2035 अखेरपर्यंत चालू आहे. तुकोबांचे खरे अभंग मात्र सर्वांचे आहेत. ते कोणीही गावेत, फक्त आजच्या गायकाने केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण उचलू नये. तुमच्या पेनड्राइव्हमधली बहुतेक गाणी गेल्या तीस-चाळीस वर्षांतली असणार. ती सगळी हक्काखाली आहेत, असंच धरून चाला.

आता मजुरीचा मुद्दा. अनेक दुकानदार तो मनापासून मांडतात, पण तो टिकत नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रण इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हासुद्धा मालकाचाच हक्क ठरला आहे. रिकामा पेनड्राइव्ह आणि भरलेला पेनड्राइव्ह यांच्या किमतीत जो फरक पडतो, तो गाण्यांमुळे पडतो. त्याला मजुरी म्हटल्याने धंदा बदलत नाही. जाणूनबुजून केलेल्या अशा उल्लंघनाला कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायदा नसेल, तर न्यायालय खास कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. दुकानात विकणाऱ्याला त्या सवलतीची आशा धरता येणार नाही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये ‘निट प्रो’ खटल्यात स्पष्ट केलं. फौजदार किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय पेनड्राइव्ह आणि ते भरण्याची साधनं जप्त करू शकतो. यात्रेच्या ऐन गर्दीत दुकानावर ही वेळ यावी, असं मला मुळीच वाटत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

यूट्यूबवर गाणं फुकट ऐकायला मिळतं, कारण मालकाने ते तिथे ऐकण्यासाठी ठेवलेलं असतं आणि जाहिरातींतून पैसा येतो. तिथून ते काढून विकण्याची परवानगी त्यात नसते. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असंही तुम्ही ऐकलं असेल. आपल्या कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेही नाही.

स्वतःच्या मोबाइलचं उत्तर इतकं सरळ नाही. कलम 52 मध्ये खासगी वापरासाठीच्या ‘रास्त’ वापराला सूट आहे. विकत घेतलेल्या सीडीची प्रत स्वतःच्या फोनमध्ये घेतली, तर माझ्या मते ती या सुटीत बसते. चोरट्या संकेतस्थळावरून अख्खं गाणं उतरवणं याला रास्त म्हणणं अवघड आहे. एकट्या ऐकणाऱ्याच्या मागे सहसा कोणी लागत नाही, म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. एप्रिल 2019 मध्ये ‘टिप्स’ विरुद्ध ‘विंक’ या खटल्यात विंकने म्हटलं, की ग्राहक स्वतःच्या वापरासाठीच गाणं उतरवून घेतो, म्हणून खासगी वापराची सूट लागू होते. न्यायालयाने ते मानलं नाही, कारण गाणी पुरवणाऱ्या कंपनीचा तो धंदा होता. तुमचं गिऱ्हाईक घरी जाऊन एकटंच ऐकत असेल, पण विकणारे तुम्ही आहात.

देवाच्या नावावर एक खरी सूट आहे, तीही सांगतो. प्रामाणिक धार्मिक समारंभात गाणं गायला किंवा ध्वनिमुद्रण वाजवायला परवानगी लागत नाही. पालखीच्या, सासनकाठीच्या मिरवणुकीत मंडळाने भक्तिगीत लावलं, तर ते या कलमाच्या आधाराने लावता येतं. लग्नाच्या वरातीचाही त्यात उल्लेख आहे. ही सूट वाजवण्यापुरती आहे. प्रती काढून विकण्याला ती लागू नाही, आणि गिऱ्हाईक यावं म्हणून दुकानावर दिवसभर चालणाऱ्या स्पीकरलाही नाही.

मग भाविकांना द्यायचं काय? प्रसादाच्या पुड्यावर गाण्याच्या अधिकृत चॅनेलचा क्यूआर कोड छापून द्या; त्याला खर्च थोडा आणि धोका काहीच नाही. ध्वनिमुद्रणच विकायचं असेल, तर कंपनीकडून लेखी परवाना घ्या. मला त्याहून चांगली वाटते ती तिसरी वाट : आपल्या भागातल्या गोंधळी, डवरी, भजनी मंडळींकडून परंपरेने चालत आलेली पदं गाऊन घ्या आणि स्वतः ध्वनिमुद्रित करा. गाणाऱ्यालाही कायद्याने 50 वर्षांचा हक्क आहे, म्हणून मानधन आणि हिस्सा ठरवून कागदावर सह्या घ्या. फुकट भरलेल्या पेनड्राइव्हने सर्वांत जास्त नुकसान होतं ते अशाच लहान कलावंतांचं. त्यांच्या गळ्यावरच यात्रेचं वातावरण उभं असतं, आणि विक्रीतला रुपयाही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

दुकानात भरून ठेवलेला माल आणि संगणकातला साठा पुसून टाका. त्याआधीच जप्ती झाली, तर 15 दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे वस्तू परत मिळण्याचा अर्ज करता येतो. ती मुदत चुकवू नका आणि वकिलाला सोबत घेऊनच जा.