घराबरोबर काय जाते?

अब्बांची बदली ठाण्याला झाली आणि मालेगावचे आमचे घर विकायचे ठरले. घर दादाजींनी बांधलेले. दोन खोल्या, मागे छोटे अंगण आणि अंगणात दादीने लावलेले मेंदीचे झाड. एक निवृत्त गुरुजी घर घ्यायला तयार झाले. किंमतही ठरली. मग एके संध्याकाळी त्यांनी विचारले, "घराबरोबर काय काय देणार? पंखे? पाण्याची मोटर? हे भिंतीतले कपाट?"

अब्बांनी याचा विचारच केला नव्हता. त्यांनी शेजारच्या वकीलचाचांना बोलावले.

चाचा म्हणाले, "याबद्दल कायदा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. त्यातील कलम ८ प्रमाणे वेगळे काही ठरले नसेल, तर घराबरोबर त्याची कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू जातात. त्यांचा वेगळा दाम मागता येत नाही."

"आणि माझी मेंदी?" दादीने विचारले.

"जमिनीत मूळ धरलेले झाड घराचेच मानतात. कुंडीत असते, तर तुम्ही नेली असती."

दादी गप्प झाली. मला मात्र मोठी गंमत वाटली. एकच रोप कुंडीत असले तर आमचे, जमिनीत असले तर गुरुजींचे!

पंख्यांचा हिशेब सोपा होता. तसा नवा पंखा दोन हजार रुपयांना मिळत होता. पंख्याचे आयुष्य दहा वर्षे धरले. आमचे पंखे चार वर्षे वापरलेले, म्हणून प्रत्येकी बाराशे रुपये. मधल्या खोलीतला पंखा आवाज करत होता, त्याचे नऊशे. मोटर गुरुजींना नको होती. ती आम्ही नेणार होतो.

कपाटाने मात्र सगळ्यांना विचारात पाडले. ते लाकडी कपाट दहा वर्षांपूर्वी भिंतीला ठोकून बसवलेले होते. चाचा म्हणाले, "हे घराबरोबर जाते की नाही, यावर वाद होऊ शकतो. आताच बोलून घ्या."

गुरुजी समजूतदार होते. म्हणाले, "मी वेगळे पैसे देतो. पण किती?"

जुन्या सामानाचा दुकानदार कपाटाचे तीन हजार देत होता. ते काढायची मजुरी पाचशे आणि उखडलेल्या भिंतीच्या गिलाव्याचे एक हजार. म्हणजे आमच्या हातात दीड हजारच पडणार. उलट, तसे नवे कपाट करायला गुरुजींना सोळा हजार लागले असते. जुने म्हणून सुतार त्याची किंमत आठ हजार धरत होता. दीड हजारांच्या खाली विकण्यात आमचे नुकसान होते, आठ हजारांच्या वर घेण्यात गुरुजींचे. दोघांनी मधला आकडा धरला, पाच हजार.

दुसऱ्या दिवशी सुतार कपाटाची बिजागरी दुरुस्त करायला आला. त्याने खालची फळी काढली आणि तो थांबला. मागची भिंत ओली होती. बोट लावले तर गिलावा गळून पडला. भिंतीपलीकडे न्हाणीघर होते.

सुतार हळूच म्हणाला, "फळी पुन्हा लावली की काही दिसणार नाही."

अब्बा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. सौदा मोडला तर? ठाण्याला जायला पंधरा दिवसच उरले होते.

दादी दारात उभी होती. ती म्हणाली, "बेटा, दाम सांगितलास. आता ऐबही सांग."

चाचांनी नंतर सांगितले की, कायदाही हेच म्हणतो. घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने पाहूनही दिसणार नाही असा घरातला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. हे कलम ५५ मध्ये आहे. पण अब्बा चाचांकडे जाण्याआधीच गुरुजींकडे गेले होते.

गुरुजी गवंडी घेऊन आले. न्हाणीघराचा नळ भिंतीच्या आत गळत होता. दुरुस्तीचा खर्च बारा हजार निघाला. तेवढी घराची किंमत कमी झाली. कपाटाच्या खालच्या फळ्या कुजल्या होत्या, म्हणून त्याचेही पाच हजारांऐवजी दोनच हजार ठरले. त्या रात्री अब्बा फारसे जेवले नाहीत. पंधरा हजार ही आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती.

मग यादी लिहिली. पंखे तीन, कपाट एक, प्रत्येकापुढे किंमत. भिंतीची ओल दाखवली आहे, हेही लिहिले. दोघांनी सह्या केल्या आणि चाचांनी यादी करारनाम्याला जोडली. तोंडी ठरलेले पुढे दोघांना दोन तऱ्हांनी आठवते, असे ते म्हणाले.

निघायच्या दिवशी अब्बांनी सगळ्या किल्ल्या मोजून दिल्या. गुरुजींनी त्या खिशात टाकल्या आणि ते अंगणात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मेंदीच्या चार फांद्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.

"आपा, या यादीत नव्हत्या," ते दादीला म्हणाले.

स्वाध्याय

१. कपाटाची किंमत दीड हजार ते आठ हजार रुपयांच्या दरम्यानच का असायला हवी होती?
२. दादीला मेंदीचे झाड नेण्याचा हक्क का नव्हता?
३. तुमच्या घरातील पाच वस्तू निवडा. घर विकले तर त्यांतील कोणत्या घराबरोबर जातील, ते कारणासह लिहा.