होडीच्या पायाखालच्या फळ्या कधी बदलाव्यात?

कोकणच्या खाडीकाठच्या गावांत होडी हे शेतीचेच एक अवजार आहे. जुव्यावरचे नारळ, खारजमिनीतील भाताच्या पेंढ्या, खताची पोती, गुरांचा चारा आणि कामाची माणसे यांची ने-आण होडीतूनच होते. नांगराचा फाळ झिजला की आपण तो लगेच शेवटून घेतो. होडीतील पायाखालच्या फळ्या मात्र एखादी मोडेपर्यंत तशाच चालवल्या जातात. चालत्या होडीत डोक्यावर ओझे असलेल्या माणसाचा पाय फळीतून खाली गेला तर पाय मोडतो. त्याहून मोठा धोका म्हणजे ओझे एका बाजूला कलंडून लहान होडी उलटू शकते. म्हणून फळी मोडण्याआधीच ती बदलण्याची वेळ ओळखता आली पाहिजे. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. एक टोच्या, लाकडी हातोडा, मोजपट्टी आणि सुतळी एवढे साहित्य पुरते.

फळी खराब का होते?

फळी खराब होण्याची मुख्य कारणे तीन आहेत.

१) झीज : पायांतील वाळू, पोती ओढणे आणि कडक ब्रशने रेषांच्या दिशेने घासणे यांमुळे लाकडाचा मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण रेषा वर उठून दिसतात. फळीची जाडी हळूहळू कमी होते.

२) कूज : लाकूड कुजते ते बुरशीमुळे. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. हा ओलावा बहुतेक वेळा पावसाच्या गोड्या पाण्यातून येतो. खारे पाणी बुरशीला मानवत नाही, म्हणून समुद्राच्या पाण्याने भिजणाऱ्या फळीपेक्षा पावसाचे पाणी साचणारी फळी लवकर कुजते. पावसाळ्यात खाडीचे पाणीही बरेचसे गोडे होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

३) खिळ्यांचा गंज : लोखंडी खिळा गंजला की त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडते व भुसभुशीत होते. फळी वरून चांगली दिसते, पण तिला धरून ठेवणारे काही उरत नाही. युरिया, पोटॅश यांसारखी खते सांडली आणि तशीच राहिली तर हा गंज आणखी वेगाने वाढतो.

समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिंपलावर्गीय किडा हा यातील चौथा शत्रू समजला जातो. परंतु तो सतत पाण्याखाली असलेल्या लाकडातच राहतो. त्यामुळे तो होडीच्या बाहेरच्या तळाला लागतो, कोरड्या राहणाऱ्या पायाखालच्या फळ्यांना नाही. वरच्या फळीत भोके दिसली तर ती बहुधा भुंगेऱ्यांची किंवा वाळवीची असतात.

तपासणी केव्हा करावी?

वर्षातून दोन वेळा तपासणी करावी. पहिली एप्रिल-मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी. या वेळी लाकूड वाळलेले असते, फटी उघडतात आणि कुजलेल्या भागावर चौकोनी भेगा स्पष्ट दिसतात. बदललेली फळी रंगवून वाळवायलाही वेळ मिळतो. दुसरी तपासणी पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करावी. या वेळी लाकूड ओलसर असल्याने कुजलेला भाग टोच्याला लगेच सापडतो. सुट्या बसवलेल्या फळ्या दोन्ही वेळा उचलून खालची बाजू पाहावी. कूज बहुधा खालच्या बाजूने, वांकावर (होडीच्या आडव्या फासळीवर) टेकलेल्या जागी आणि फळीच्या टोकांना सुरू होते. टोकाकडून लाकूड पाणी फार वेगाने शोषते हे त्याचे कारण आहे.

पाच सोप्या चाचण्या

१) डोळ्यांची चाचणी : काळे डाग, तपकिरी चौकोनी भेगा, पांढरट धाग्यांची वाढ, रंगाचे फुगे, वर आलेले खिळे आणि दोन दिवस कोरडे ऊन पडूनही ओलसर राहणारी जागा यांवर खडूने खूण करावी.

२) आवाजाची चाचणी : लाकडी हातोड्याने प्रत्येक वीतभर अंतरावर हलकेच ठोकावे. निरोगी लाकूड टणक, स्वच्छ आवाज देते. कुजलेल्या लाकडाचा आवाज बद येतो.

३) टोच्याची चाचणी : टोच्या हाताच्या जोराने दाबावा. निरोगी लाकडात तो एक-दोन मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. पाच-सहा मिलिमीटर सहज शिरला तर तेथे कूज आहे असे समजावे. मग टोच्या तिरका घालून लाकडाची ढलपी उचलावी. लांब, तंतुमय ढलपी निघाली तर लाकूड चांगले आहे. ढलपी आखूड तुकड्यांत मोडली तर लाकडाची ताकद गेली आहे.

४) जाडीची चाचणी : फळीची मूळ जाडी कडेला, जेथे पाय पडत नाहीत तेथे मोजावी. नंतर मधोमध सर्वांत झिजलेल्या जागी मोजून दोन्हींची तुलना करावी.

५) लवण्याची चाचणी : दोन वांकांच्या दरम्यान फळीच्या वर सुतळी ताणून धरावी. मधोमध एका माणसाला उभे करून फळी सुतळीपासून किती मिलिमीटर खाली गेली ते मोजावे. त्याच माणसाला शेजारच्या चांगल्या फळीवर उभे करून पुन्हा मोजावे. ही चाचणी होडी काठावर असतानाच करावी.

झिजलेल्या जाडीचा हिशेब

फळी पाच मिलिमीटर झिजली तर काय बिघडते, असे आपणास वाटेल. पण फळीची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते आणि ताठपणा घनाच्या प्रमाणात. २५ मिलिमीटरची फळी झिजून २० मिलिमीटर झाली म्हणजे जाडी फक्त एक-पंचमांश कमी झाली. ताकद मात्र १०० वरून ६४ टक्क्यांवर येते आणि ताठपणा सुमारे ५१ टक्के उरतो. तीच फळी १८ मिलिमीटर झाली तर ताकद ५२ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी होते.

आता या फळीवर येणारे वजन पाहा. ६० किलोचा माणूस ५० किलोचे पोते घेऊन चालतो तेव्हा एका पावलाखाली ११० किलो भार येतो, आणि तोही बहुधा एकाच फळीवर. पाय आपटून पडला तर धक्का त्याहून मोठा असतो. झिजलेल्या फळीत थोडी कूजही असेल तर उरलेली ताकद आणखी घटते.

वरच्या हिशेबावरून एक सोपा नियम निघतो. शेजारच्या चांगल्या फळीच्या दुप्पट लवणारी फळी बदलावी, कारण तिचा ताठपणा निम्मा झालेला असतो.

वांकाकडेही लक्ष द्यावे. वांक ४५ सेंटिमीटर अंतरावर असतील आणि मधला एक निकामी झाला तर आधारांतील अंतर ९० सेंटिमीटर होते. अशा वेळी फळीला झेपणारे वजन साधारण निम्मे होते आणि लवणे सुमारे आठपट वाढते. अशा होडीत फळी नवी घातली तरी धोका टळत नाही. आधी वांक दुरुस्त करावा.

डागडुजी की बदल?

तपासणीनंतर निर्णय पुढीलप्रमाणे घ्यावा.

अ) जाडी एक-दशांशापेक्षा कमी घटली असेल, टोच्या शिरत नसेल आणि खिळे घट्ट असतील तर फळी बदलू नये. घासून, वाळवून, तेल किंवा रंग द्यावा.

आ) जाडी एक-पंचमांश किंवा जास्त घटली असेल, फळी दुप्पट लवत असेल, किंवा टोच्या पाच-सहा मिलिमीटर शिरत असेल तर ती फळी बदलावी. या दोन मर्यादांच्या मधली फळी असेल तर तिच्यावर खूण करून पुढील तपासणीत तिच्याकडे प्रथम पाहावे. तोपर्यंत जड माल तिच्यावर ठेवू नये.

इ) एक-तृतीयांश किंवा अधिक फळ्या वाईट निघाल्या, किंवा खिळे सर्वत्र सैल झाले असतील तर सर्वच फळ्या काढाव्यात. त्यामुळे खालचे वांक आणि होडीचा तळ पूर्ण तपासता येतो. एकेक फळी दरवर्षी बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

कुजलेल्या जागेवर वरून पातळ पत्रा किंवा पट्टी ठोकणे हा उपाय नव्हे. पत्र्याखाली पाणी अडकते, कूज झपाट्याने वाढते आणि धोका डोळ्यांआड होतो.

फळी बदलताना

कूज जेथे दिसते तेथेच संपत नाही. बुरशी रेषांच्या दिशेने पुढे पसरलेली असते. म्हणून दिसणाऱ्या कुजेच्या पुढे दोन्ही बाजूंना सुमारे ६० सेंटिमीटर लाकूड काढावे. लहान होडीत याचा अर्थ बहुधा पूर्ण फळी बदलणे असाच होतो. जोड द्यायचा झाल्यास तो वांकावरच यावा आणि शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एकाच वांकावर घेऊ नयेत.

लाकूड साग, फणस किंवा ऐन यांच्या गाभ्याचे घ्यावे. बाहेरचा फिकट भाग सागाचा असला तरी लवकर कुजतो. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण प्रक्रिया केल्याशिवाय पायाखाली घालू नये. लाकूड वाळलेले आहे याची खात्री मातीतील ओलावा काढण्याच्या पद्धतीनेच करता येते. लहान तुकडा कापून वजन करावा, भट्टीत सुमारे १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि घटीला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणावे. तुकडा ६० ग्रॅमवरून ४८ ग्रॅम झाला तर ओलावा १२ भागिले ४८, म्हणजे २५ टक्के. असे लाकूड अजून सावलीत रचून वाळवावे.

किती लाकूड लागेल याचा अंदाज आधीच घ्यावा. २ मीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद व २५ मिलिमीटर जाड अशा १० फळ्यांना ०.०७५ घनमीटर, म्हणजे सुमारे २.६५ घनफूट लाकूड लागते. कापणीतील नुकसान धरून ३ घनफूट घ्यावे.

फळ्यांमध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट ठेवावी. त्यामुळे पाणी खाली निथळते आणि पावसात लाकूड फुगले तरी फळ्या उचलल्या जात नाहीत. खिळे तांब्याचे किंवा स्क्रू गंजरोधक पोलादाचे वापरावेत. साधे लोखंड टाळावे. जस्ताचा जाड मुलामा दिलेले खिळेही चालतात, मात्र एकाच फळीत तांबे आणि लोखंड एकत्र वापरू नये, नाहीतर लोखंड लवकर गंजते.

बसवण्यापूर्वी फळीच्या चारही बाजू व विशेषतः दोन्ही टोके रंगवावीत. त्याआधी बुरशी व वाळवीसाठी १० लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम बोरिक आम्ल व ३०० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून दोन-तीन हात द्यावेत. हे द्रावण पाण्याने धुऊन जाते, म्हणून फळी वाळल्यावर वरून तेल किंवा रंग देणे आवश्यक आहे. द्रावण मुले, गुरे व चारा यांपासून दूर ठेवावे. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावतात. ते उपयुक्त आहे, पण कातडी भाजते. हातमोजे घालूनच लावावे व पूर्ण वाळल्याशिवाय होडीत माणसे व धान्य नेऊ नये. शेवटच्या ओल्या रंगावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरली तर पाय घसरत नाही.

फायबरच्या होडीत

फायबरच्या होडीतही पायाखाली पुष्कळदा प्लायवुडचा गाभा असतो. वरचा थर चकचकीत दिसतो आणि आतील प्लायवुड कुजलेले असते. चालताना स्पंजासारखे वाटणे, ठोकल्यावर बद आवाज आणि स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी येणे ही तिची लक्षणे आहेत. शंका आल्यास एक बारीक भोक पाडून भुसा पाहावा. तो कोरडा व फिकट असेल तर गाभा चांगला आहे, आणि भोक रेझिनने बंद करावे. भुसा ओला व काळपट निघाला तर तेवढा भाग कापून नवा गाभा घालावा. नवे प्लायवुड घेताना आय.एस. ७१० ही खूण असलेले सागरी प्लायवुडच घ्यावे.

फळ्यांचे आयुष्य वाढवण्यासाठी

खत उतरवल्यावर फळ्या त्याच दिवशी धुवाव्यात. ब्रश रेषांना आडवा व हलक्या हाताने फिरवावा. होडीच्या तळात पाणी साचू देऊ नये. पावसाळ्यात होडी काठावर ओढून नाळेची बाजू थोडी उंच ठेवावी, सुट्या फळ्या काढून घरात उभ्या ठेवाव्यात. वर झावळ्यांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर करावे, पण दोन्ही टोकांनी वारा खेळता राहील असे. प्लास्टिक घट्ट गुंडाळल्यास आत घाम धरतो आणि फळ्या उघड्यापेक्षा लवकर कुजतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तपासणीची तारीख, प्रत्येक फळीची जाडी आणि लवण्याचे माप एका वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांच्या नोंदी समोर असल्या की कोणती फळी पुढच्या हंगामात धोक्याची ठरेल हे वहीच सांगेल. लाकूड वेळेवर आणता येईल, सुतार सवडीने मिळेल आणि भरल्या होडीत चढणाऱ्या घरच्या माणसांचे पाय भक्कम फळीवर पडतील.