आपल्या जीपचा गिअरबॉक्स : पर्याय कसा निवडला



वस्त्यांवरून रुग्ण आणणारी आपली जीप सध्या छावणीतल्या गॅरेजमध्ये उभी आहे. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला असून ट्रान्सफर बॉक्सही 'लो'मधून आपोआप निसटतो. खर्च मोठा आहे आणि पैसा तुम्ही दिलेला आहे. गाड्यांची देखभाल माझ्याकडे असल्याने कोणता पर्याय निवडला व का, हे सांगतो.

गिअरबॉक्स इंजिनाचा जोर गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. त्याच्यामागचा ट्रान्सफर बॉक्स तो जोर पुढच्या व मागच्या चाकांकडे पाठवतो आणि 'लो'मध्ये साधारण दोन-अडीच पट वाढवतो. कन्नड तालुक्यातल्या डोंगराकडच्या भिल्ल वस्त्यांची वाट पावसाळ्यात काळ्या मातीची. तिथे 'लो' नसेल तर रुग्णाला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणावे लागते.

हा जोर मोजता येतो. पहिला गिअर, 'लो' आणि ॲक्सल यांच्या प्रमाणांचा गुणाकार करायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे आकडे २.६६, १.९७ आणि ४.८८, गुणाकार सुमारे २६. तीच जीप १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी आली तेव्हा आकडे २.८०, २.४३ आणि ५.३८ झाले, गुणाकार जवळजवळ ३७. शेतातल्या कामाला वेग नको, दम हवा, म्हणून हा बदल.

ऑटोमॅटिकमध्ये एक मेख आहे. चढावर त्यातला टॉर्क कन्व्हर्टर स्वतः जोर वाढवतो, त्यामुळे चालकाला गिअर छोटा पडल्याचे जाणवत नाही. उतारावर मात्र तो काही वाढवत नाही. गाडी धरून ठेवायची ती गिअरच्या प्रमाणानेच. म्हणून बदली जोडी निवडताना मी उताराचा हिशेब आधी केला.

एका हितचिंतकांनी मोठ्या गाडीचा, अधिक मजबूत गिअरबॉक्स बसवण्याचे सुचवले. सूचना मनापासूनची होती, पण मी नको म्हटले. इंजिनाला जोडणारे बोल्ट जुळत नाहीत. शाफ्टवरच्या खाचांची संख्या वेगळी निघते. लांबी बदलली की प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागतो. पुढचा शाफ्ट उजवीकडून निघतो की डावीकडून, हेही पुढच्या ॲक्सलशी जुळावे लागते. शिवाय गिअर बदलणारा संगणक वेगळाच. स्वस्तात मिळालेला बॉक्स बसवेपर्यंत महाग पडतो, आणि रात्री डोंगरात बंद पडला तर त्याचा सुटा भाग कोणाकडे मागणार?

मॅन्युअल बसवण्याचाही विचार झाला. क्लच, पेडल, वायरिंग सगळेच बदलावे लागते. तो विषय तिथेच सोडला.

शेवटी त्याच मॉडेलची, त्याच क्रमांकाच्या पट्टीची, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर बॉक्स अशी एकत्र जोडी अपघातातल्या गाडीतून घ्यायचे ठरवले. कुर्ल्याच्या भंगार बाजारात असा माल मिळतो, पण गाडी मागून ठोकलेली हवी. मागून ठोकलेल्या गाडीचे इंजिन बहुधा सुरू होते, त्यामुळे बॉक्स उतरवण्याआधी सगळे गिअर पडतात का ते पाहता येते. छावणीच्या बाजारात बैल घेणारा आधी दात बघतो. इथे तेल बघायचे. लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळे पडून जळका वास येत असेल तर आतल्या क्लच प्लेटी गेल्या. गुलाबी, दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. असा बॉक्स फुकट दिला तरी घेऊ नये, कारण पाण्याने प्लेटींवरचे अस्तर सुटते.

ट्रान्सफर बॉक्सचे तेल चाळून लोखंडाचे कण पाहायचे आणि साखळी सैल आहे का तपासायची.

बसवताना जुना तेल-कूलर व त्याच्या नळ्या नीट धुवाव्याच लागतील, नाहीतर आधीच्या बॉक्सचा कचरा नव्यात जातो. तेल कंपनीने सांगितलेलेच. दोन्ही बॉक्सच्या हवा सोडणाऱ्या नळ्या बॉनेटपर्यंत वर घेणार आहोत, म्हणजे ओढा ओलांडताना त्यांतून पाणी ओढले जाणार नाही. चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले असावेत; सध्या पुढचे दोन नवे आणि मागचे दोन गुळगुळीत आहेत, म्हणून तेवढा खर्चही अंदाजपत्रकात धरला आहे.